दळलेल्या रेकॉर्डी

रविवार उजाडला की श्रीपाद बदलापूरहून उल्हासनगर गाठायचा. जायचा कुठं, तर लछूभाईच्या कंगव्याच्या गाळ्यात. कॅम्प तीनच्या मागच्या गल्लीत एक पत्र्याची शेड होती. आत ग्राइंडर, एक जुनं दाबाचं प्रेस, आणि कोपऱ्यात हा एवढा ढीग. कशाचा? गाण्याच्या रेकॉर्डींचा! नव्वद सालची गोष्ट आहे. तेव्हा अमेरिकेतून भंगार प्लास्टिकचे कंटेनर यायचे बंदरात. त्यात फुटक्या बादल्या, खेळणी, टेलिफोनची डबडी, आणि मधेच पोतंच्या पोतं रेकॉर्डी. लछूभाई त्या दळायचा, वितळवायचा आणि त्यांचे काळे कंगवे पाडायचा. म्हणजे त्या काळी आपल्या बापाच्या मागच्या खिशात जो कंगवा असायचा ना, त्यात कधीतरी कुणीतरी गात होतं, असंच समजा.

दळायच्या आधी तिथं एक काम असायचं. रेकॉर्डच्या मधोमध जो गोल कागद असतो, नाव-गाव लिहिलेला, तो मालात गेला तर कंगव्याचे दात तुटतात. म्हणून सकाळपासून दोन बाया खाली बसून पंचानं खाट् खाट् करत ते मधलं गोल उडवून टाकायच्या. एकदा ते उडालं की कोण गात होतं ते संपलं. त्यामुळे श्रीपादला त्या बायांच्या आधी पोचावं लागायचं.

"आला!" लछूभाई ओरडायचा. "साहेब आला कबाडातून बायको शोधायला! अरे साईं, घरी एक आहे ना?"

"तिनंच पाठवलंय," श्रीपाद म्हणायचा, आणि मांडी घालून ढिगापुढे बसायचा.

तसा तो आनंदनगरच्या एमआयडीसीत, विजेची बटणं बनवणाऱ्या कंपनीत मोल्डिंगचा सुपरवायझर. सरळ माणूस. देव नाही, भूत नाही, पान नाही, सिगरेट नाही. नाद म्हणावा तर हा एकच. सोल म्हणतात त्या गाण्याला. तिकडच्या काळ्या लोकांचं, चर्चमधून उठून बाहेर रस्त्यावर आलेलं. अर्धे शब्द श्रीपादला कळायचेही नाहीत. पण एकदा लछूभाईनं गंमत म्हणून ढिगातली एक रेकॉर्ड लावली आणि त्यातल्या बाईनं असं काही मागितलं, असं पोटातून मागितलं, की श्रीपादच्या हातातला चहा गार झाला. तेव्हापासून तो त्या ढिगाचा झाला.

आता मालिनी. मालिनी म्हणजे त्याची बायको, लग्नाला वर्षही पुरतं झालेलं नव्हतं. आणि मालिनी म्हणजे आवाज! श्रीपाद जितका गप्प, तितकी ही वाजती. हातात काचेच्या बांगड्या कोपराच्या अर्ध्यापर्यंत, पायात पैंजण, भांडी घासली तरी शेवटच्या मजल्यापर्यंत कळायचं. हसायची तर कावळे उडायचे. बदलापूरच्या बाहेर, सोनिवलीला, नव्या बिल्डिंगमध्ये त्यांनी जागा घेतली होती. बिल्डिंगला अजून रंग नाही, राहायला आलेली बिऱ्हाडं मोजून तीन. मागं भाताची खाचरं, पुढं खडीचा ढीग. अशा ठिकाणी माणसाला भीती वाटते. श्रीपादला कधी वाटली नाही, कारण जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला की वरून मालिनी ऐकू यायची.

रेकॉर्डी ठेवायचं एक शास्त्र असतं. आडव्या रचायच्या नाहीत, वाकतात. उभ्या ठेवायच्या, एकीला एक टेकून, पण चेंगरून नाही. बदलापूरच्या दमट हवेत त्यांना पांढरी बुरशी धरते, मग स्पिरिटच्या बोळ्यानं गोल गोल पुसायच्या. श्रीपाद हे सगळं पोटच्या पोरासारखं करायचा. चांगल्या रेकॉर्डी आतल्या खोलीत. पण भानगड अशी की तो वाईटही आणायचा. ओरखडे पडलेल्या, मधला कागद उडालेल्या, चिरा गेलेल्या.

"अहो, या कशाला? या तर वाजतसुद्धा नाहीत."

"दळेल गं तो त्यांना."

"बरं झालं बाई. मला आणलीत तेव्हा मी वाजत होते, नाहीतर मलाही भिंतीला लावलं असतंत."

तर त्या सगळ्या मुक्या रेकॉर्डी स्वयंपाकघरात गेल्या. ओट्यासमोरची अख्खी भिंत, जमिनीपासून कमरेपर्यंत, फळीवर फळी. मालिनी त्यांना सवती म्हणायची. दिवसभर घरात एकटी, मग बोलणार कुणाशी? "काय गं बायांनो, आज आमटी की पिठलं?" असं विचारायची. कुटताना, लाटताना, दूध उतू जाताना, सगळं त्यांच्या पुढ्यात. त्यांच्यासमोर गायची, त्यांच्यासमोर रडायची, माहेरची आठवण आली की. कधी दुपारी त्यांना टेकून झोपायची. गार लागतात म्हणे पाठीला.

अशात त्या पावसाळ्यानंतर श्रीपादला ती सापडली. छोटी रेकॉर्ड, मधला कागद कोरा पांढरा. ना बाईचं नाव, ना कंपनीचं. घरी आणून लावली. ऑर्गन वाजतो, ड्रम येतात, आणि एक बाई गाते. गाता गाता मधेच थांबते. श्वास घेते, तो ऐकू येतो. आणि मग बराच वेळ काही नाही. वाद्यं तिची वाट बघत राहतात. मग ती पुन्हा सुरू करते ती अशी, की तेवढ्या वेळात तिचं कुणीतरी गेलं असावं.

मालिनी लाटणं हातात घेऊन दारात येऊन उभी राहिली. संपल्यावर म्हणाली, "परत लावा." ती दोनच शब्द बोलली, असं पहिल्यांदाच झालं असेल.

श्रीपादची विलायतेतल्या एका माणसाशी पत्रांतून ओळख झाली होती. तोही असल्याच नादाचा, जुनी गाणी शोधून पुन्हा छापून काढणारा. श्रीपादनं स्टेशनजवळच्या बूथवरून फोन लावून त्याला ते गाणं ऐकवलं, बॅटरीवरचा छोटा रेकॉर्डप्लेअर तिथं नेऊन, रिसीव्हर त्याच्यापाशी धरून. पलीकडच्यानं ते पुन्हा लावायला सांगितलं. मग तो म्हणाला, ही माझ्याकडे नाही, कुणाकडेच नाही, या बाईबद्दल कुणी कधी ऐकलेलं नाही. तुझ्याकडे आहे तेवढीच असेल.

तेवढीच. हा शब्द श्रीपादच्या डोक्यात बसला. पृथ्वीवर एकच, आणि तीही सोनिवलीला, बुरशी लागणाऱ्या हवेत. पडली, फुटली की ही बाई नव्हतीच. त्याला झोप लागेना. तिच्या प्रती निघाल्याच पाहिजेत, त्यानं ठरवलं.

"होईल की," लछूभाई म्हणाला. "प्रेस आपला, डायवर, साच्यावर, निकल चढवणारा माणूस गल्लीतलाच. तुम्ही मोल्डिंगवाले. कंगवा काय, गाणं काय, दाबायचंच तर आहे!"

आणि खरंच झालं हो. रेकॉर्डवर आधी चांदीचा हात, मग निकलचा जाड थर, मग तो थर सोलून काढायचा. म्हणजे गाण्याचा उलटा साचा मिळतो. सोलताना मूळ रेकॉर्डचा पापुद्रा निघाला, ती गेली. आता गाणं होतं ते फक्त त्या चकचकीत साच्यात, आणि साचा नाजूक. गरम प्रेसखाली दर वेळी थोडा थोडा बसत, सपाट होत जाणार. थांबून चालणार नव्हतं.

अडलं मालावर. प्लास्टिकच्या नव्या दाण्याची रेकॉर्ड काढली तर गाण्याऐवजी पापड तळल्यासारखं ऐकू आलं. लछूभाईनं डोकं खाजवलं. "रेकॉर्डचाच माल पाहिजे साहेब. आणि माझा सगळा ढीग दळून गेला. पुढचा कंटेनर कधी, ते वरच्यालाच माहीत."

श्रीपाद घरी येऊन नुसता बसून राहिला. मालिनीनं ताट वाढलं, त्याच्याकडे बघितलं, आणि मग समोरच्या भिंतीकडे बघितलं.

"माझ्या सवती घ्या की."

"वेडी आहेस का? दळू नयेत म्हणून आणल्या त्या."

"अहो, अशाही मुक्याच आहेत. निदान गातील तरी. सगळ्या मिळून एक गाणं."

टेम्पो आला तेव्हा तिनंच पदर खोचून त्या खाली पोचवल्या. दोन दोन हातांनी, पोटाशी धरून. भिंत रिकामी झाली, त्यावर रेकॉर्डींच्या उंचीचा एक पांढरट पट्टा राहिला. मालिनी म्हणाली, "बाई गं, किती मोठं वाटायला लागलं स्वयंपाकघर." आणि हसली.

पहिल्या खेपेच्या रेकॉर्डी निघाल्या, तव्यावरून उतरवलेल्या भाकरीसारख्या गरम. श्रीपादनं एक घरी आणली. लावली. ऑर्गन, ड्रम, बाई. सुरेख! मूळची खरखरसुद्धा नाही. मग ती श्वास घ्यायची जागा आली, वाद्यं थांबली, आणि त्या शांततेत किण्ण.

"मालू, बांगड्या आवर ना जरा."

"मी कुठं काय केलं?" मालिनी खिडकीत होती, हात खाली सोडून.

पुन्हा लावली. पुन्हा त्याच जागी किण्ण किण्ण. पीठ मळताना बांगड्या मागं सारतात ना, तसं. श्रीपादनं सुई तपासली, पट्टा तपासला. मालात काचेचा कण गेला असेल, म्हणाला. सुपरवायझर माणूस, असंच म्हणणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालिनी त्याला डबा देत होती. डबा हातात घेऊन तो जिना उतरला, आणि अर्ध्यावर थांबला. काहीतरी राहिलं होतं. काय ते कळेना. परत वर गेला. मालिनी केर काढत होती. हात मागं-पुढं होत होता, बांगड्या खाली-वर होत होत्या.

"हात हलव गं."

"का?"

"हलव तर."

तिनं हलवला. मग जोरात हलवला. मग दोन्ही हात एकमेकांवर आपटले. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मालिनीनं एक बांगडी काढली आणि गंमत म्हणून ओट्याच्या कडेवर मारली. ती फुटली. तुकडे लादीवर पडले, उडाले, एक श्रीपादच्या पायापाशी येऊन गोल फिरत थांबला.

आवाज आला नाही.

"हलकी काच असेल," मालिनी म्हणाली. तिचा आवाज ठीक होता. "बांगडीवाल्या भय्याला विचारते."

पुढच्या रविवारी दुसरी खेप. श्रीपादनं प्रत आणली ती थेट लावलीच नाही, संध्याकाळपर्यंत तशीच ठेवली. मालिनीनंच लावली. बाई गात होती आणि तिच्या मागं, लांब, जणू दोन खोल्या पलीकडे, कुकरची शिट्टी. खलबत्ता. पैंजण येतात, जातात. आणि मग एकदम ते हसणं, कावळे उडवणारं.

"अय्या," मालिनी म्हणाली, "ही मी आहे."

ती हसली. तोंड उघडलं, डोळे बारीक झाले, खांदे हलले. श्रीपाद बघत राहिला. खोलीत हसणं होतं ते फक्त रेकॉर्डमधून येत होतं.

त्या आठवड्यात कुकर वाफ सोडायचा, शिट्टी वाजायची नाही. डाळ दोनदा करपली. पाट्यावर वरवंटा सरकायचा, नुसता सरकायचा. मालिनी चालायची आणि कुठं आहे ते कळायचं नाही. श्रीपाद वळला की ती मागंच उभी असायची, तो दचकायचा, आणि तो दचकलेला तिला दिसायचा. जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला की आता वरून काही यायचं नाही. तेव्हा त्याला पहिल्यांदा कळलं की बिल्डिंग किती रिकामी आहे.

सोनिवलीच्या वाडीवरून दूध घालायला काशी यायची. दारात टेकून ती म्हणाली, "काय गो बाय, तुजी चाहूलच लागत नाय आताशी. मी कवाची हाका मारतंय, तू मागं येऊन हुबी."

"मांजर झालेय मी, काशी," मालिनी म्हणाली.

"नको गो. मांजर बी वाजतं." काशीनं दूध ओतलं आणि चहाला न थांबता गेली.

आता तुम्ही म्हणाल, याला कळलं नव्हतं का? कळलं होतं. सगळं नाही, पण पुरेसं कळलं होतं. पण साचा बसत चालला होता. अजून एक खेप निघाली असती, फार तर. विलायतेचा माणूस खोळंबला होता. आणि ती पांढऱ्या कागदाची बाई, तिचं नावसुद्धा कुणाला माहीत नाही, तिचं जगात एवढंच उरलेलं. थांबलो तर ती गेली, कायमची. श्रीपाद पलंगावर बसून हे सगळं मालिनीला सांगत होता. सांगताना तिच्याकडे बघत नव्हता.

"बांगड्या गेल्या, पैंजण गेले," मालिनी म्हणाली. "हसू गेलं. हसण्यावाचून अडतं का कुणाचं?"

"मालू, बोलणं गेलं तर?"

"तुमची कटकट वाचेल." आणि मग त्याची उशी सरळ करत, "करा पुरं. अर्धवट टाकलं तर ती बाईही जाईल आणि माझंही परत येणार नाही. ना इकडे, ना तिकडे. तसं नको."

ती इतकं शहाण्यासारखं बोलली ना, की श्रीपादला ते खरं वाटलं. वाटून घ्यायचंच होतं त्याला.

तिसरी खेप काढली. शेवटच्या काही रेकॉर्डींना साचा उमटेचना, लछूभाईनं प्रेस थांबवलं. प्रती खोक्यात भरल्या, भुसा घातला, त्याच दिवशी टेम्पोतून गोदीवर. श्रीपादनं एकही ऐकली नाही. ऐकायची हिंमत नव्हती.

तो बदलापूरला उतरला, सोनिवलीपर्यंत चालत आला, जिना चढला. मालिनी दारातच उभी होती. त्याला बघून तिनं तोंड उघडलं.

ओठ हलले. थांबले. पुन्हा हलले. तिनं गळ्यावर हात ठेवला, जणू तिथं काही अडकलंय. मग ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि तिच्या डोळ्यांत राग नव्हता, तेच सगळ्यात वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी कामाला दांडी मारून तो लछूभाईकडे धावला. "माल उरलाय ना? पोतं? दे ते मला."

"कसलं पोतं?"

"माझ्या रेकॉर्डींचं! दळलेलं!"

"ते होय. काल शिल्लक होतं, म्हटलं वाया का घालवू. कंगवे काढले. सकाळी बाजारात गेले पण."

मग श्रीपाद उल्हासनगरच्या बाजारात फिरला. गजानन मार्केट, गोल मैदान, हातगाड्या, पाटीवाले. दिसेल तो काळा कंगवा उचलायचा, कानाशी धरायचा आणि नखानं त्याचे दात ओढायचे. कर्रर्र. दुसरा. कर्रर्र. लोक हसायला लागले. "भाईसाब, कंगी है, सितार नहीं!" तो थांबला नाही. कर्रर्र, कर्रर्र, आणि एका म्हातारीच्या पाटीतल्या कंगव्यातून, बारीक, मधासारखं ओढलेलं,

अहो.

त्यानं अख्खी पाटी विकत घेतली. घरी येऊन मालिनीच्या पुढ्यात ओतली. दोघं जमिनीवर बसून कंगवे वाजवत होते. बरेचसे नुसते कंगवे होते. एकात "बाई गं" होतं. एकात "उतू" होतं, पुढचं नव्हतं. एकात ती रडत होती, माहेरची आठवण आली तेव्हाचं असेल. दर वेळी नख ओढलं की आवाज थोडा बारीक व्हायचा. आणि कंगवे हलक्या मालाचे, दात पटापट तुटायचे. "अहो" महिनाभरही पुरलं नाही. मालिनी त्या कंगव्यावरून बोट फिरवत बसायची, जिथं दात उरले नव्हते तिथून.

डॉक्टर झाले. कल्याणचा झाला, मुंबईचा झाला. घसा उत्तम आहे म्हणाले. एकानं श्रीपादला बाजूला घेऊन विचारलं, घरी काही भांडण वगैरे?

कंपनीत विलायतेहून फोन आला. तो माणूस भलता खूश होता. रेकॉर्डी पोचल्या आणि गेल्याही, हातोहात, या गावातून त्या गावात. गाणं तर गाणंच, पण मागं जी बाई बोलते ना, ती ऐकायला लोक पुन्हा पुन्हा लावतात. कोणती भाषा आहे ती? ती काय म्हणते?

"परत पाठवा," श्रीपाद म्हणाला. "सगळ्या परत पाठवा."

पलीकडचा हसला. त्याला तो विनोद वाटला. अजून छापता येतील का, त्यानं विचारलं.

मग एके दिवशी लछूभाई स्वतः सोनिवलीला आला. कधी आला नव्हता. बायकोनं दिलेल्या कोकी, म्हणजे जाड सिंधी रोट्या, फडक्यात बांधून आणल्या होत्या, आणि काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. मालिनीनं दार उघडलं, "या" म्हणाली. म्हणजे नुसते ओठ हलले. लछूभाई उंबऱ्यावरच थबकला.

"भाभी रागावलीय काय?" त्यानं हळूच विचारलं.

श्रीपादनं त्याला आत बसवलं. मालिनीनं पाणी आणून ठेवलं. पेला फरशीवर टेकला, लछूभाई त्या पेल्याकडे बघतच राहिला. त्याला कळलं नाही नेमकं काय चुकलंय, पण त्याची पुढची वाक्यं भराभर आली.

"शेवटच्या खेपेतली. वाकडी निघाली म्हणून पॅक केली नव्हती. प्रेसच्या मागं पडली होती. म्हटलं तुमचीच आहे." वर्तमानपत्र त्यानं पलंगावर ठेवलं. "बाजारात लोक काही काही बोलतात तुमच्याबद्दल, साहेब. कंगव्याचं. तुम्ही येऊ नका काही दिवस." पाणी न पिता तो उठला. जिना उतरताना त्याच्या चपलांचा आवाज किती मोठा येत होता. खाली पोचेपर्यंत दोघं तो ऐकत होते.

दुपार होती. खिडकीतून कापलेल्या भाताची खाचरं दिसत होती. श्रीपादनं रेकॉर्ड काढली. एका बाजूनं वर आलेली, द्रोणासारखी. फिरताना सुई चढत होती, उतरत होती.

ऑर्गन. ड्रम. बाई गायला लागली.

आणि तिच्यामागं मालिनी. सगळी मालिनी. आमटी की पिठलं. अय्या, उतू गेलं. अहो, ऐकलंत का. दुपारचं गुणगुणणं, अर्ध्यात विसरलेलं. मालिनी गुडघ्यावर हनुवटी टेकून ऐकत होती. आपल्याला कुणी दुसऱ्याचीच गोष्ट सांगावी तसं.

श्वासाची जागा आली. वाद्यं थांबली. मालिनीही थांबली, आतली. मग ती बाई पुन्हा सुरू झाली, आणि गाणं संपलं.

सुई शेवटच्या गोलात गेली. तिथं काही नसतं. नुसतं फिरतं.

तिथं एक मूल रडलं.

कोवळं, ओलं, पहिलंच असतं तसं. चकती फिरली. पुन्हा तेच. पुन्हा.

बिल्डिंगमध्ये कुणाचं मूल नव्हतं. या घरात तर नाहीच नाही. श्रीपाद मालिनीकडे वळला, विचारायला, काय विचारायचं ते कळत नसताना.

मालिनीचा हात पोटावर होता. ती त्याच्याकडे बघत होती. रेकॉर्डी खाली पोचवल्या तेव्हाच ते पोटात होतं, पण तिनं अजून सांगितलं नव्हतं. कसं सांगणार होती?

तिचे ओठ हलले. बरंच काही म्हणाली ती.

श्रीपादनं सुई उचलायला हात पुढं केला. मालिनीनं त्याचं मनगट धरलं, कान रेकॉर्डकडेच ठेवून. घट्ट. सोडलं नाही.

मूल रडत होतं. दर फेऱ्याला, अगदी थोडं, बारीक होत होतं. आणि सुईच्या टोकाला काळी भुकटी जमत चालली होती.